मीठ काढलं, तर उरतं काय?

सोमवारी आमच्या ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका सोमवारी रांगेतले एक काका समोर येऊन बसले. वय ६६, एसटीतून चालक म्हणून निवृत्त. रक्तदाब १६८/९८. मागच्या दोन भेटींतले आकडेही केसपेपरवर असेच होते. गोळ्या चुकवत नव्हते. रिकामी पाकिटं पिशवीतून काढून दाखवायचे. मी एक गोळी वाढवली, केसपेपरवर सवयीने 'मीठ कमी' असं लिहिलं आणि पुढच्या रुग्णाला हाक मारणार होतो.

काका उठले नाहीत. म्हणाले, "साहेब, एक विचारू का? मीठ काढलं, तर उरतं काय त्यात?"

'त्यात' म्हणजे कशात, हे मी आधीच्या दोन्ही भेटींत विचारलंच नव्हतं. त्या दिवशी विचारलं. काकांची पत्नी वर्षभरापूर्वी गेली. मुलगा पुण्यात. घरी हे एकटेच. भाकरी शेजारच्या वहिनी देतात. बाकीचा स्वयंपाक म्हणजे कुकरला डाळ लावायची, शिजली की त्यात मीठ आणि लाल तिखट घालायचं. ती घशाखाली उतरत नाही म्हणून सोबत लोणचं. तरीही जेवल्यासारखं वाटत नाही म्हणून वरून मूठभर फरसाण. कंटाळा आला की कोपऱ्यावरचा वडापाव. "मिठाचा पुडा किती दिवस जातो?" असं विचारल्यावर म्हणाले, "एक किलोचा, अडीच महिने."

हिशेब सोपा आहे. एक हजार ग्रॅम भागिले ७५ दिवस, म्हणजे रोजचं १३ ग्रॅम. लोणचं, फरसाण आणि वडापाव यांतलं मीठ वेगळंच.

काकांच्या प्रश्नात तथ्य होतं. ज्याला फोडणी देता येत नाही, कांदा परतता येत नाही, आंबट कधी आणि किती घालायचं हे माहीत नाही, त्याच्याकडे चव आणायचं एकच साधन असतं: मीठ. ते काढून घेतलं तर खरंच काही उरत नाही. मग माणूस एक तर अर्धपोटी राहतो, किंवा डॉक्टरला 'हो' म्हणतो आणि घरी जाऊन पूर्वीसारखंच खातो. स्वयंपाक करता येणं हा रक्तदाबाच्या उपचाराचाच भाग आहे, हे मला वयाच्या पन्नाशीनंतर एका रुग्णाच्या प्रश्नामुळे नीट कळलं.

मिठाचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि तोही दिवसभरातलं सगळं धरून. मिठात सुमारे ४० टक्के सोडियम असतं. ते शरीरात जास्त साठलं की सोबत पाणी धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढतं, मूत्रपिंडांवरचं काम वाढतं आणि रक्तवाहिन्यांवरचा दाब चढा राहतो. सगळ्यांनाच हे सारखं बाधत नाही. वय वाढलेल्यांना, रक्तदाब आणि मधुमेह असलेल्यांना जास्त बाधतं.

मीठ कमी केल्याने कितीसा फरक पडतो? याचं एक चांगलं उत्तर २००१ साली प्रसिद्ध झालेल्या 'डॅश-सोडियम' या अमेरिकी अभ्यासात मिळालं. त्यात ४१२ जण होते. भाज्या, फळं, कमी स्निग्धांशाचं दूध असा आहार आणि त्याबरोबर कमी मीठ घेणाऱ्या उच्च रक्तदाबाच्या लोकांचा वरचा आकडा, नेहमीचा आहार आणि जास्त मीठ घेणाऱ्यांच्या तुलनेत सरासरी साडेअकराने कमी राहिला. एखाद्या गोळीने साधावा इतका हा फरक आहे. पण या अभ्यासातली एक गोष्ट आम्ही डॉक्टर सांगायला विसरतो. त्या ४१२ जणांना जेवण तयार मिळत होतं. आमच्या काकांना ते स्वतः रांधायचं होतं.

जीभ थोडं सांगते, नाक बरंच

एक प्रयोग घरी करून पाहा. नाक चिमटीत घट्ट धरा आणि चिमूटभर बडीशेप चावा. थोडं गोड लागेल, बाकी काही नाही. आता नाक सोडा. बडीशेपेची ओळख एकदम पटते. चावताना सुटलेला वास घशामागून नाकात पोहोचतो आणि मेंदू त्याला 'चव' म्हणतो. सर्दीत जेवण बेचव लागतं ते याच कारणाने.

जिभेला स्वतःला मोजक्याच चवी कळतात: खारट, गोड, आंबट, कडू आणि पाचवी 'उमामी'. टोकियोतल्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली ही पाचवी चव वेगळी ओळखली. पिकलेला टोमॅटो, अळंबी, मटणाचा रस्सा यांतला भरीवपणा तो हाच. तिखट ही तर शास्त्राच्या दृष्टीने चवच नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या शरीरातल्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहकाला चेतवतं, म्हणून 'जाळ' वाटतो. हा ग्राहक शोधणारे डेव्हिड ज्युलियस २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी होते.

मग मीठ नेमकं काय करतं? ते खारटपणा देतं आणि कडवटपणा दाबतं. कारल्याला मीठ लावतात ते त्यासाठीही. कडू दबलं की बाकीच्या चवी पुढे येतात, म्हणून चिमूटभर मिठानेही पदार्थ उठून दिसतो. पण मीठ वास निर्माण करू शकत नाही. ज्या डाळीला स्वतःचा दरवळच नाही, तिच्यात कितीही मीठ घातलं तरी ती फक्त खारट होत जाते. काकांच्या कुकरमध्ये नेमकं हेच होत होतं.

वयाचाही यात हात असतो. साठीनंतर अनेकांची वास घेण्याची क्षमता कमी होते. काही औषधांनी तोंड कोरडं पडतं. काहींनी तोंडाला धातूसारखी चव येते. आजोबा-आजी 'आमटी आळणी झाली' म्हणतात तेव्हा ती नेहमी कुरकुर नसते. त्यांना खरंच कमी कळत असतं. अशा वेळी मीठ वाढवण्यापेक्षा वास वाढवणं शहाणपणाचं.

चवीची चार साधनं

पहिलं, फोडणी. जिरं, मोहरी, हिंग, कढीपत्ता यांतली बरीचशी सुगंधी द्रव्यं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, तेलात मात्र सहज विरघळतात. हळदीचा आणि लाल मिरचीचा रंगही तसाच. म्हणून उकळत्या डाळीत जिरं टाकणं आणि गरम तेलात जिरं टाकून ते तेल डाळीवर ओतणं, या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचं अंतर आहे. एका माणसाच्या आमटीला चहाचा एक चमचा तेल पुरतं. एक मोहरी टाकून पाहायची. ती लगेच बुडबुडे सोडून वर आली तर तेल तापलं. मग मोहरी पूर्ण तडतडू द्यायची, गॅस बारीक करायचा, जिरं, हिंग, कढीपत्ता, लसूण आणि शेवटी हळद-तिखट. तिखट पडलं की दोन-तीन सेकंदांत पाणी किंवा डाळ ओतायची, कारण तिखट करपायला वेळ लागत नाही.

दुसरं, भाजणं आणि परतणं. पाणी असेपर्यंत पदार्थाचं तापमान १०० अंशांच्या पुढे जात नाही. कांद्यातलं पाणी उडालं, तापमान साधारण १४० अंशांच्या आसपास गेलं की त्यातली साखर आणि प्रथिनांचे घटक यांची अभिक्रिया होऊन तो तांबूस होतो आणि शेकडो नवे सुगंधी पदार्थ तयार होतात. लुई कामीय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली ही अभिक्रिया मांडली. आपण मात्र ती खोबरं भाजताना, गोड्या मसाल्यासाठी धणे-तीळ भाजताना, भाकरीला पापुद्रा सुटून तांबूस ठिपके पडताना कधीपासून अनुभवत आलो आहोत. ज्वारीच्या भाकरीत अनेक घरांत मीठ घालतच नाहीत. तरी ती आवडीने खाल्ली जाते ती या भाजलेपणामुळे.

तिसरं, आंबट. लिंबू, चिंच, आमसूल, कैरी, टोमॅटो, ताक. थोडा आंबटपणा आला की कमी मीठही पुरेसं वाटतं. चिंच-आमसूल शिजताना घालावं. लिंबू मात्र गॅस बंद केल्यावर पिळावं, म्हणजे त्याचा वास उडून जात नाही. एक सावधगिरी: बाजारात मिळणाऱ्या कोकमाच्या आगळात भरपूर मीठ असतं, आणि काही आमसुलंही मिठात मुरवलेली असतात. ती धुऊन घ्यावीत.

चौथं, शेवटी वरून पडणारं. ताजी कोथिंबीर, ठेचलेला लसूण, बारीक चिरलेला कांदा, शेंगदाण्याचं कूट, कारळे किंवा जवसाची घरी कमी मिठात केलेली चटणी. लसूण अख्खा टाकण्यापेक्षा ठेचला की जास्त वास देतो, कारण पेशी फुटल्यावरच त्यातला तो उग्र पदार्थ तयार होतो. शिवाय दाताखाली काहीतरी कुरकुरीत आलं की जेवण रंगतं. फरसाणाची निम्मी ओढ त्या कुरकुरीतपणाचीच असते.

एकच पदार्थ, आठ दिवस

हे सगळं काकांना त्या दिवशी सांगितलं असतं तर ते घाबरून पळाले असते. त्यांना शिकवलं ते आमच्या ओपीडीतल्या सिस्टरांनी. सिस्टर मूळच्या कोकणातल्या. त्या म्हणाल्या, "काका, दहा पदार्थ नकोत. एकच शिका. कुळथाचं पिठलं. आठ दिवस तेच करा."

निवड अचूक होती. कुकर नको, वाटण नको, पंधरा मिनिटांचं काम, आणि पोटात प्रथिनं जातात. सिस्टरांनी केसपेपरच्या मागे लिहून दिलं: कुळथाचं पीठ पोहे खायच्या चमच्याने तीन चमचे, पाणी दोन वाट्या. पीठ गार पाण्यात आधी कालवून घ्यायचं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. चहाचा एक चमचा तेल, मोहरी, हिंग, ठेचलेल्या चार-पाच लसूण पाकळ्या, एक हिरवी मिरची, हळद. लसूण तांबूस झाला की कालवलेलं पीठ ओतायचं आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं. दोन धुतलेली आमसुलं टाकून पाचेक मिनिटं बारीक आचेवर. मीठ सगळ्यात शेवटी, चहाचा पाव चमचा. वर कोथिंबीर.

मी स्वतः त्या रविवारी घरी करून पाहिलं. पहिल्यांदा मोहरी तडतडायच्या आधीच घाईने पीठ ओतलं. पिठल्याला कच्चट वास राहिला आणि माझा हात आपोआप मिठाच्या बरणीकडे गेला. तेव्हा काकांची अडचण मला पुरती समजली. दुसऱ्यांदा धीर धरला, तर त्याच पाव चमचा मिठात पिठलं चवीचं झालं.

एकच पदार्थ सलग करण्याचा फायदा असा, की रोज एकच गोष्ट बदलून तिचा परिणाम कळतो. आज लसूण जास्त परतला, उद्या आमसूल एक कमी. हाताला अंदाज येतो तो असाच. 'अंदाजाने घाला' हे वाक्य ज्यांना येतं त्यांच्यासाठी ठीक आहे. नवख्याला वाटी-चमच्याचं माप लागतं. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'चा इतक्या घरांना आधार वाटला, त्याला तिच्यातली वाटी-चमच्याची सोपी मापं हे मोठं कारण आहे. पुरुषांनी, पहिल्यांदाच एकटं राहणाऱ्या मुला-मुलींनी माप घेऊन करायला लाजू नये.

चुका होणारच. फोडणी करपली तर ती टाकून द्यावी. चमचाभर तेलासाठी सगळी आमटी कडू करू नये. मीठ जास्त पडलं तर बटाटा टाकल्याने ते 'ओढलं जातं' ही समजूत खरी नाही. बटाटा मीठ असलेलं पाणी शोषतो, उरलेल्या रश्शाचा खारटपणा तसाच राहतो. त्यापेक्षा बिनमिठाची डाळ, पाणी किंवा उकडलेली भाजी घालून पदार्थ वाढवावा. आणि ताटात घेण्याआधी चाखून पाहावं. न चाखता वरून मीठ घेण्याची सवय आपल्याकडे फार आहे. जेवणाच्या टेबलावरची मिठाची डबी ओट्यावर नेऊन ठेवली तरी ती बरीच कमी होते.

जिभेला थोडा वेळ द्या

मीठ एका दिवसात निम्मं करू नका. जिभेची सवय हळूहळू बदलते, त्याला साधारण एक-दोन महिने लागतात. दर आठवड्याला थोडं थोडं कमी करत गेलं तर घरातल्यांच्या लक्षातही येत नाही. दोन महिन्यांनी पूर्वीची आमटी खारट लागते. 'मला आळणी जमणारच नाही' असं म्हणणाऱ्या कित्येकांच्या बाबतीत मी हे पाहिलं आहे.

लपलेल्या मिठाकडे मात्र लक्ष हवं. लोणचं आणि सुकी मासळी यांतलं मीठ आपल्याला कळतं. पण पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो, आणि तोही सोडियमच. खाण्याच्या सोड्याचं तेच. पाव, बिस्किटं, झटपट नूडल्सचा मसाला, तयार सूप, सॉस यांतलं मीठ जिभेला जाणवतही नाही.

"सैंधव खाल्लं तर चालेल ना?" हा प्रश्न रोज येतो. सैंधव आणि काळं मीठ हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. रक्तदाबाच्या दृष्टीने त्यात सूट नाही, शिवाय त्यात बहुधा आयोडीन मिसळलेलं नसतं. रोजच्यासाठी आयोडीनयुक्त मीठच वापरावं, फक्त कमी.

पोटॅशियम मिसळलेलं मीठ ही वेगळी गोष्ट आहे. चीनमधल्या ६०० गावांत, सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळलं. पण ज्यांचं मूत्रपिंड कमजोर आहे, किंवा जे रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या काही विशिष्ट गोळ्या घेतात, त्यांच्या रक्तात पोटॅशियम वाढून जिवाला धोका होऊ शकतो. म्हणून ते स्वतःच्या मनाने सुरू करू नये. डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

आणखी एक: कमी म्हणजे शून्य नव्हे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांनी मीठ पूर्ण बंद केलं, तर सोडियम घटून भ्रम होणं, तोल जाणं असे प्रकार होतात. असे रुग्ण आमच्या वॉर्डात उन्हाळ्यात हमखास येतात. आणि जेवण सुधारलं म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत.

पुड्यावरची तारीख

चार महिन्यांनी काकांचा रक्तदाब १३६/८४ होता. यातलं किती श्रेय वाढवलेल्या गोळीचं आणि किती पिठल्याचं, हे मी सांगू शकत नाही. दोन्ही एकाच दिवशी सुरू झालं होतं. तिसरी गोळी मात्र लागली नाही. फरसाण आठवड्यातून एकदा, बशीत मोजून. वडापाव पूर्ण सुटलेला नाही, हे त्यांनी न विचारता कबूल केलं. पिठल्यानंतर ते मुगाची आमटी, वांग्याचं भरीत आणि टोमॅटोचं सार शिकले होते. मिठाचा पुडा चौथ्या महिन्यातही निम्मा शिल्लक होता.

जाताना दारातून वळून म्हणाले, "साहेब, ही गेली तेव्हा वाटलं होतं, आता चवीचं खाणं संपलं. ती फोडणीत हिंग आधी घालायची की नंतर, हे तीस वर्षांत कधी बघितलंच नाही मी. आता रोज करताना आठवतं."

तेव्हापासून केसपेपरवर नुसतं 'मीठ कमी' लिहिणं मी थांबवलं आहे. आधी दोन प्रश्न विचारतो: घरी स्वयंपाक कोण करतं? आणि मिठाचा पुडा किती दिवस जातो?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हालाही काढता येईल. पुढचा पुडा फोडाल तेव्हा त्यावर पेनाने तारीख लिहा. लोणचं-पापडासाठीचं मीठ वेगळं धरा. चौघांच्या घरात एक किलो मीठ किमान ५० दिवस पुरायला हवं. बाहेरचं खाणं होत असेल तर त्याहून जास्त. त्याआधीच संपलं, तर घरातल्या कुणाला तरी फोडणी नीट शिकायची वेळ झाली आहे असं समजा. ती आईनेच किंवा सुनेनेच शिकावी असं काही नाही.